गाडी येण्याआधी फोटो तयार हवा : कोल्हापूर परिसरात रेल्वेचे कलात्मक फोटो कसे काढायचे

कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन. मिरजेहून आलेले रूळ इथं येऊन थांबतात, पुढं जात नाहीत. १८९१ मध्ये संस्थानच्या पैशातून हा मार्ग सुरू झाला तेव्हा तो मीटरगेज होता. आज तो ब्रॉडगेज आहे, वर विजेच्या तारा आहेत, पण मार्ग अजून एकेरीच आहे आणि दिवसभरात गाड्या मोजक्याच. मुंबई-पुण्याकडं फोटो काढणाऱ्याची एक गाडी चुकली तर दहा मिनिटांत दुसरी येते. आपल्याकडं चुकली की दुपार जाते.

ही अडचण वाटते खरी, पण मी जे काही शिकलो ते हिच्यामुळंच. गाडी समोरून जाण्याचे आठ-दहा सेकंद म्हणजे फोटो काढण्याची वेळ, असं आपण धरून चालतो. तेवढ्यात घाईघाईनं इंजिन टिपतो आणि घरी येऊन बघतो तर मागच्या पन्नास फोटोंसारखाच एकावन्नावा. मी उलट्या क्रमानं जायला सांगेन. आधी जागा, मग उजेड आणि सगळ्यात शेवटी गाडी. रिकाम्या रुळांचा जो फोटो तुम्हाला आवडतो, त्यातच गाडी आली की चांगला फोटो होतो. चौकट रिकामी असताना कंटाळवाणी असेल, तर गाडी ती वाचवू शकत नाही.

आधी कुठं उभं राहायचं नाही ते

रुळांच्या मधोमध उभं राहून काढलेले फोटो सगळीकडं दिसतात. ते काढू नका. विनापरवाना रुळांवर जाणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणं गुन्हा आहे, आणि ते कलम नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. विजेवरची गाडी लांबून येताना फारसा आवाज करत नाही. वारा उलटा असेल तर हॉर्न वाजेपर्यंत कळतही नाही. डोळा कॅमेऱ्याला लावलेल्या माणसाला अंतराचा अंदाज राहत नाही, आणि झूम लेन्समधून तर गाडी जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते.

वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. तिला हात लागायलाच हवा असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी झटका बसू शकतो. तारेपासून दोन मीटरच्या आत काहीही न्यायचं नाही. उड्डाणपुलावर उभं असताना सेल्फी स्टिक, मोनोपॉड, उघडी छत्री कठड्याबाहेर काढायची नाही. फलाटावर पिवळ्या पट्टीच्या मागं थांबायचं. ड्रोनचा विचार रुळांच्या आसपास डोक्यातूनही काढून टाका.

स्टेशनात जाताना फलाट तिकीट घ्या. दहा रुपयांत दोन तास मिळतात आणि कुणी हटकलं तर दाखवायला काहीतरी हातात असतं. ट्रायपॉड लावायचा असेल तर आधी स्टेशन मास्तरांना भेटून विचारा. मॉडेल, कपडे, जाहिरात असं व्यावसायिक काम असेल तर मध्य रेल्वेची लेखी परवानगी लागते. आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानानं थांबवलं तर थांबायचं, काढलेले फोटो दाखवायचे आणि शांतपणे सांगायचं. वाद घालून मिळालेला फोटो मी अजून पाहिलेला नाही.

एका फाटकावर मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कॅमेरा बघताच गेटमन बाहेर आले. "पाव्हणं, फाटकाच्या आत यायचं नाही बघा." मी म्हटलं, "मामा, बाहेरनंच काढतो, तुम्ही सांगाल तिथनं." मग त्यांनीच दाखवलं, गाडी वळण घेऊन कुठनं दिसते आणि सूर्य कुठल्या खांबामागं जातो. त्या जागेची त्यांच्याइतकी माहिती कुणालाच नव्हती.

कॅमेरा न घेता एक फेरी

एखाद्या रविवारी पॅसेंजरचं तिकीट काढा आणि मिरजेपर्यंत खिडकीत बसून जा. वळिवडे, रुकडी, हातकणंगले, निमशिरगाव-तमदलगे, जयसिंगपूर, मिरज. अंतर पन्नास किलोमीटरच्या आतलंच. जाताना एका बाजूला बसा, येताना दुसऱ्या. वहीत फक्त तीन गोष्टी लिहा : वळण कुठं आहे, रुळाजवळ उंच जागा कुठं आहे, मागं डोंगर किंवा पाणी कुठं दिसतं.

मला या मार्गावर पुन्हा पुन्हा बोलावणाऱ्या जागा थोड्याच आहेत. रुकडीच्या अलीकडं पंचगंगेवरचा रेल्वेपूल. जयसिंगपूर आणि मिरजेच्या मध्ये कृष्णेवरचा पूल. टेंबलाईवाडीचा उड्डाणपूल, जिथून रूळ खाली आणि शहर लांब दिसतं. स्टेशनाजवळचा परीख पूल, जिथं गाडी वरून जाते आणि आपण खालून. आणि हातकणंगल्याच्या आजूबाजूची उसाची रानं, जिथं रानाच्या मालकाला विचारून बांधावर उभं राहता येतं.

यातली एकच निवडा. सगळीकडं एकेकदा जाण्यापेक्षा एका जागी दहा वेळा गेलेलं बरं. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत त्या जागेचा सगळ्यांना दिसतो तोच फोटो निघतो. तुमचा स्वतःचा त्यानंतर.

उजेड कुठून येतो

आपला मार्ग साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडं जातो, थोडा ईशान्येला कललेला. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

सकाळी कोल्हापुरातून सुटणारी कोयना एक्सप्रेस पूर्वेकडं तोंड करून जाते, म्हणजे सूर्य तिच्या समोर असतो. इंजिनाचा चेहरा उजळलेला, रंग खुललेले. जुना लोखंडी रंग, नंबर, काचेमागचा लोको पायलट हे स्पष्ट हवं असेल तर ही गाडी. त्याआधी मुंबईहून येणारी महालक्ष्मी मात्र पूर्वेकडून पश्चिमेला येते. सूर्य तिच्या पाठीमागं, तोंड अंधारात. बहुतेक जण म्हणतात, "उलटा उजेड आहे, फोटो येत नाही." माझ्या मते कलात्मक फोटो याच गाडीचे येतात. कडांवर सोनेरी रेघ, खाली रुळांचे दोन चमकणारे पट्टे, इंजिनाची नुसती काळी आकृती. संध्याकाळी हेच उलटं होतं. कोल्हापूरकडं येणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन, जाणाऱ्या गाडीच्या पाठीवर.

हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडं झुकलेला असतो. मार्गाच्या दक्षिण बाजूला उभं राहिलात तर डब्यांवर ऊन मिळतं, उत्तर बाजूला राहिलात तर छायाकृती. उन्हाळ्यात दहा ते चार या वेळेत सूर्य डोक्यावर असतो, डब्यांच्या खालच्या भागात काळी सावली पडते आणि आभाळ पांढरं फटक होतं. तेव्हा मी रंगीत फोटो काढतच नाही. फलाटाच्या छपराखाली जातो आणि सावल्यांचे कृष्णधवल फोटो काढतो.

उलट्या उजेडात एक्सपोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, आभाळावर लावा. मोबाईलवर आभाळावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्सपोजर दोन्ही लॉक होतात, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढायचं. कॅमेऱ्यात एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (हा उजेड कमी-जास्त करायची सोय) उणे एक ते उणे दीड. फिक्या रंगाची गाडी उन्हात असेल तरीही उणे अर्धा ठेवा, नाहीतर डब्यांचा रंग उडून नुसता पांढरा पट्टा उरतो.

चौकट

इंजिन मधोमध आणि चौकट भरून, ही पहिली सवय मोडायची. गाडी चौकटीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढी ठेवून बघा. उरलेल्या जागेत काय आहे, हे मग आपोआप डोळ्यांत भरतं. नोव्हेंबर-डिसेंबरात उसाला तुरे येतात. खाली बसून, कॅमेरा तुऱ्यांच्या जवळ नेऊन, मावळतीच्या दिशेनं बघा. एकेक तुरा म्हणजे रेशमासारख्या पांढऱ्या-राखाडी केसांचा झुबका. उजेड मागून आला की त्यातला प्रत्येक केस वेगळा पेटल्यासारखा दिसतो आणि वारा आला की सगळं रान एका अंगाला कलतं. त्या तुऱ्यांच्या वर, लांब, लाल डब्यांची गाडी बोटाएवढी. ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं उघडं तोंड, एफ/४ ठेवून फोकस तुऱ्यावर लावा आणि गाडी पुसट राहू द्या. ती गाडी आहे हे कळतं, तेवढं पुरे.

कॅमेऱ्याची उंची बदलली की सगळं बदलतं. छातीच्या उंचीवरून सगळेच काढतात. फलाटावर पट्टीच्या मागं गुडघ्यावर बसलात तर डबे उंच होतात आणि फरशीची चमक मिळते. उड्डाणपुलावरून डब्यांची छपरं, तारांची जाळी आणि रुळांची नागमोड दिसते.

वळणावर २०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स लांबून वापरली की डबे एकावर एक दाबले जातात आणि साप वळल्यासारखी गाडी दिसते. रुंद (वाइड अँगल) लेन्सनं जवळून काढली तर इंजिन मोठं आणि मागचे डबे एकदम बारीक होतात. दोन्ही चांगलंच, पण कशासाठी कुठली हे घरून ठरवून निघा.

हलती गाडी

ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढं जाते. म्हणजे शटर १/१००० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात ती दीड-दोन सेंटिमीटर हलते, १/६० मध्ये जवळपास एक फूट. यातलं काय हवं ते तुम्ही ठरवायचं. गाडी थिजवायची असेल तर १/१००० किंवा त्याहून जलद. पण थिजवलेली गाडी उभ्या गाडीसारखीच दिसते, म्हणून मला त्यात फार रस नाही.

पॅनिंग म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवायचा. गाडी स्वच्छ येते आणि मागचं सगळं आडव्या रेघांत विरघळतं. पाय खांद्याइतके फाकवून, जिथं फोटो घ्यायचा त्या दिशेला तोंड करून उभं राहा. मग फक्त कंबर वळवून गाडी येते त्या बाजूला वळा, म्हणजे गाडी समोर येईपर्यंत अंग सरळ होतं. शटर १/६० पासून सुरू करा, जमलं की १/३० वर या. गाडी लांब असतानाच तिचा एक बिंदू पकडा, इंजिनाची खिडकी किंवा नंबर, आणि तो चौकटीत त्याच जागी ठेवत फिरत राहा. बटण हळू दाबायचं आणि दाबल्यावर थांबायचं नाही, गोल्फची काठी किंवा विटीचा टोला मारल्यावर हात जसा पुढं जातो तसं वळणं पुरं करायचं. दहात एक फोटो चांगला आला तर दिवस सत्कारणी लागला समजा.

इथं एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रुळांच्या अगदी जवळ रुंद लेन्सनं पॅनिंग केलं तर गाडीचा एकच तुकडा स्वच्छ येतो, पुढचं-मागचं पुसट होतं, कारण जवळच्या आणि लांबच्या डब्यांचा कोन वेगवेगळ्या गतीनं बदलतो. लांब जाऊन झूमनं काढा, बरीचशी गाडी स्वच्छ येते. मागं उसाचं रान, झाडं, घरं असं काहीतरी भरलेलं हवं. मोकळ्या आभाळाची रेघ होत नाही.

उलटा प्रकारही करून बघा. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, शटर अर्धा ते एक सेकंद, फलाटावर एक माणूस स्तब्ध बसलेला आणि मागून सुटणारी गाडी नुसता रंगाचा पट्टा. निरोप द्यायला आलेली माणसं गाडी सुटताना काही क्षण अगदी निश्चल होतात. तो क्षण याच शटरला सापडतो.

मोबाईलवाल्यांसाठी एक इशारा. मोबाईलचा सेन्सर चित्र एकेका ओळीनं वाचतो, त्यामुळं जवळून आडव्या जाणाऱ्या गाडीच्या खिडक्या तिरक्या येतात. गाडी तिरकी समोरून घ्या किंवा लांब जा. आणि डब्यावरच्या एलईडी पाट्या जलद शटरला अर्ध्यामुर्ध्या दिसतात. त्या वाचता यायला हव्या असतील तर शटर १/५० च्या आसपास ठेवा.

धुकं, आणि माझी चुकलेली महालक्ष्मी

डिसेंबर-जानेवारीत पंचगंगेवर पहाटे धुकं असतं. पुलाच्या वायव्येकडं, नदीकाठी उभं राहिलं की सूर्य पुलाच्या पलीकडून वर येतो. एका सकाळी मी सगळं जुळवून बसलो होतो. पुलाचे खांब धुक्यात अर्धे बुडालेले, पाणी राखाडी. गाडी पुलावर आली आणि कॅमेऱ्याचा फोकस धुक्यात काही पकडेनाच. लेन्स पुढं-मागं घरघरत राहिली आणि शेवटचा डबा निघून गेला. त्या दिवसापासून मी गाडी येण्याआधीच पुलाच्या खांबावर फोकस लावतो आणि मॅन्युअलवर टाकतो. एक चाचणी फोटो काढून पडद्यावर मोठा करून बघतो आणि मग हात लावत नाही. रात्री, पावसात, उलट्या उजेडात, सगळीकडं हेच करा. धुक्यात एक्सपोजर मात्र अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, नाहीतर पांढरं धुकं मळकं दिसतं.

तिन्हीसांजेनंतर

सूर्य मावळल्यावर साधारण वीस-पंचवीस मिनिटं आभाळ गडद निळं असतं. दिवे लागलेले असतात आणि आभाळ काळं झालेलं नसतं. रात्रीचे म्हणून वाखाणले जाणारे फोटो बहुतेक याच वेळचे. पूर्ण काळोखात दिवे पांढरे फुटतात आणि बाकी काहीच दिसत नाही.

उड्डाणपुलावरून उजेडाच्या रेघा काढायच्या असतील तर हिशोब करून जा. अठरा डब्यांची गाडी, एकेक डबा सुमारे २४ मीटर, म्हणजे इंजिनासह साडेचारशे मीटरच्या आसपास. ताशी ३० किलोमीटरनं ती एका जागेवरून जायला मिनिटभर लागतं. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १००, एफ/८ ते एफ/११, शटर २० ते ३० सेकंद. खिडक्यांच्या पिवळ्या रेघा मिळतात आणि शेवटच्या डब्याचा लाल दिवा चौकटीत आला तर एक लाल धागाही. टायमर दोन सेकंदांचा लावा, बटण दाबतानाचा धक्का जातो. पुलावरून ट्रक गेला की पूल थरथरतो, ट्रायपॉड त्याच्याबरोबर. मागं बघून, जड वाहन नसतानाच शटर उघडा.

फ्लॅश वापरू नका. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची वाफेची इंजिनं रात्री टिपली. त्यासाठी ते एका वेळी अनेक फ्लॅशबल्ब तारांनी जोडून आख्खा परिसर उजळवायचे, पण ते रेल्वेच्या सहकार्यानं. आपण फलाटावरून लोको पायलटच्या डोळ्यांत फ्लॅश मारणं ही निव्वळ धोक्याची गोष्ट आहे. लिंक यांच्याकडून घ्यायचं ते वेगळंच आहे : त्यांच्या चौकटीत गाडीइतकीच माणसं, घरं, अंगणं असायची.

पाऊस

आपला पाऊस महिनाभर सूर्य दाखवत नाही, पण रेल्वेच्या फोटोंसाठी याहून चांगला ऋतू नाही. ओला फलाट म्हणजे आरसा. डबक्याजवळ मोबाईल उलटा धरून, लेन्स पाण्याला लागेल इतकी खाली न्या, पूर्ण डबा पाण्यात उलटा दिसतो. परीख पुलाखाली पाणी साचतं तेव्हा वरून जाणारी गाडी आणि खाली थांबलेली दुचाकीस्वारांची रांग एका चौकटीत येते. हा फोटो पदपथावरून काढा, पाण्यात उतरू नका. पावसाच्या धारा दिसायला मागं गडद काहीतरी हवं आणि शटर १/१२५ च्या आसपास. गाडीत बसून काढायचं असेल तर फोकस काचेवरच्या थेंबांवर. प्रत्येक थेंबात बाहेरचं हिरवं रान उलटं दिसतं.

पूर आला की मात्र नदीकाठ सोडायचा. २०१९ चं पाणी ज्यांनी पाहिलंय त्यांना कारण सांगायला नको.

माणसं आणि बारीकसारीक

तिरुपतीहून हरिप्रिया एक्सप्रेस येते तेव्हा फलाटावर जाऊन बघा. बालाजीला केस वाहून आलेली अख्खी कुटुंबं, आजोबांपासून नातवापर्यंत गुळगुळीत डोकी, हातात लाडूच्या पिशव्या, चेहऱ्यावर रात्रभराचा प्रवास. गळीत हंगामात फाटक बंद झालं की उसानं भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि मागून गाडी जाते. हे फोटो कोल्हापूर सोडून फार थोड्या ठिकाणी मिळतील.

माणसाचा चेहरा ओळखू येणार असेल तर विचारा. "काका, एक काढू का?" एवढंच. नाही म्हणाले तर हसून पुढं. लहान मुलांचा फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय नाही.

गाडी उशिरा असेल तर बारीक गोष्टींकडं वळा. हजारो हातांनी गुळगुळीत झालेला दाराचा दांडा, शेवटच्या डब्यावरचा एक्सचा खुणेचा पट्टा, बाकावर पडलेली खिडकीच्या गजांची सावली, फलाटावरून दिसणाऱ्या रुळाची चाकांनी घासून चांदीसारखी झालेली वरची पट्टी आणि तिच्याच अंगावरचा तांबूस गंज. एकाच रुळावर हे दोन रंग किती वेगळे आहेत हे मला दोन वर्षं दिसलं नव्हतं.

घरी आल्यावर

त्याच दिवशी निवडू नका. दोन दिवसांनी बघा, मग प्रसंग विसरून फोटो दिसतो. आधी क्षितिज सरळ करा, खांब तिरके असतील तर ते दुरुस्त करा. हिरवा रंग वाढवण्याचा मोह आवरा, ऊस आधीच पुरेसा हिरवा असतो. तारा आणि खांब पुसून टाकू नका, ते या मार्गाचा आजचा चेहरा आहेत.

आणि वर्षातून दोन-चार तरी फोटो छापून घ्या, आठ बाय बाराच्या आकारात, मॅट कागदावर. त्यातली एक प्रत ज्याचा फोटो आहे त्याला नेऊन द्या. फाटकावरच्या मामांना मी हिरवी झेंडी धरलेला त्यांचा फोटो दिला तेव्हा त्यांनी तो हातात धरून आधी मागं गेलेली गाडी कुठली ते ओळखलं, मग स्वतःला बघितलं. पुढच्या खेपेला गेलो तर केबिनच्या भिंतीवर तो चिकटवलेला होता, गाड्यांच्या वेळांच्या कागदाशेजारी.